पासिंग तेराशेचे, माल नऊशेचा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'शेतीमालाची वाहतूक' एवढेच छापले आहे. ते वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघा-तिघांनी विचारले, "भाऊ, आज भाड्याचा ठराव करायचा का?" ठराव आज नाही. आज मी कोणाकडे काही मागायला उभा नाही. आज आपल्याला आपलाच एक हिशेब तपासायचा आहे. तो आपण इतकी वर्षे चुकीचा मांडत आलो, आणि मांडणाऱ्यांत मी स्वतः पुढे होतो.

बाहेर मैदानात आपल्या गाड्या उभ्या आहेत. आत येताना मी मोजल्या. तेवीस पिकअप आहेत, छोटे हत्ती वेगळे. गावात पूर्वी ज्याच्या दारात खिल्लारी जोडी, तो मोठा शेतकरी. आता ज्याच्या दारात पिकअप, तो मोठा. हप्ते चालू असतात ते सोडून द्या. या तेवीस गाड्यांच्या मालकांना मी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या गाडीत किती किलो माल भरता येतो? हात वर करा. बघा, सगळे हात वर आहेत. कोणी तेराशे म्हणतो, कोणी पंधराशे, कोणी सतराशे. आता दुसरा प्रश्न. हा आकडा तुम्ही काट्यावर जाऊन काढला आहे का? आता एकही हात वर नाही. माझाही हात २०१३ सालापर्यंत वर गेला नसता.

मी शेतकीचा पदवीधर. एकरी नत्र किती किलो, स्फुरद किती, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. एका घनमीटर मातीचे वजन किती, हे मी प्रयोगशाळेत मोजले आहे. पण त्याच मातीतून निघालेला माल ज्या गाडीत भरायचा, त्या गाडीला किती पेलते हे मला कोणी शिकवले नाही आणि मीही विचारले नाही. विक्रेत्याने सांगितले, "तेराशे पासिंग आहे, पण बिनधास्त दोन टन भरा, ओढते." ते मी खरे मानले.

शंभर कॅरेट

आम्ही पाच जणांनी मिळून पिकअप घेतली होती. ओतूरकडून माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात टोमॅटो न्यायचा. गाडी माझ्या चुलत भावाचा मुलगा चालवायचा. बावीस वर्षांचा पोरगा, हात चांगला, व्यसन नाही. त्या दिवशी ऐंशी कॅरेट भरून झाले होते. बांधावर अजून वीस कॅरेट भरलेले होते. पोरगा म्हणाला, "काका, राहू द्या, उद्या नेऊ." उद्या माल पिकून मऊ पडला असता. त्या दिवशी भाव बरा होता. मी म्हणालो, "वीसाने काय होतंय? टाक वर."

ते वीस कॅरेट टाका म्हणणारा मी होतो, हे आज या बैठकीत सांगतो.

घाटात अर्ध्यावर उतरल्यावर ब्रेक पायाखाली मऊ लागू लागले. मग पायडल तळाला गेले. पोराने डोके शाबूत ठेवले. दरीच्या बाजूला न जाता त्याने गाडी डोंगराच्या कडेला घासली आणि कपारीत घातली. समोरून येणाऱ्या एस.टी.तली माणसे वाचली. हमालीला बरोबर घेतलेले दोघे वाचले. पोराचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी दवाखान्यात बसलो होतो तेव्हा माझ्याजवळ काही काम नव्हते. गाडीची कागदपत्रे खिशात होती. ती काढून मी पहिल्यांदा नीट वाचली. आणि पुढचे काही महिने मी जो हिशेब शिकलो, तो आज तुमच्यापुढे मांडतो.

कागदावरची वजाबाकी

आरसीवर दोन वजने असतात. एक, रिकाम्या गाडीचे. दुसरे, भरलेल्या गाडीचे, म्हणजे गाडी आणि तिच्यावर असलेले सगळे मिळून जास्तीत जास्त किती, ते. आमच्या गाडीचे आकडे सोपे करून सांगतो. भरलेली ३००० किलो, रिकामी १७००. वजाबाकी १३००. यालाच आपण पासिंग म्हणतो. इथपर्यंत सगळ्यांना येते. चूक इथून पुढे होते.

पहिली चूक. कायद्यात 'रिकामी गाडी' याची व्याख्या दिली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८. त्यात म्हटले आहे की रिकाम्या गाडीच्या वजनात नेहमीचे सगळे साहित्य धरायचे, पण चालक आणि मदतनीस धरायचे नाहीत. म्हणजे गाडीत माणूस बसला की तो त्या तेराशेतच बसला. चालक आणि दोन माणसे, सरासरी ६५ किलो धरली तर १९५ किलो झाले. आपण म्हणतो, "माणसांचं काय वजन धरायचं?" धरायचे. नऊ कॅरेटइतके वजन ते.

दुसरी चूक. आरसीवरची रिकामी गाडी म्हणजे नोंदणीच्या दिवशीची गाडी. ती आपल्या दारात आल्यावर रिकामी राहते का? आपण हौद्याला उंच लोखंडी जाळी बसवतो, केबिनवर कॅरियर बसवतो. तळाला जाड पत्रा ठोकतो, नाहीतर खालचा पत्रा सडतो. मागे एकेक जादा पाटा टाकतो. ताडपत्री, दोर, जॅक, पाने. मी आमच्या गाडीसारखीच, तशीच सजवलेली दुसरी गाडी रिकामी काट्यावर नेली. काटा १८६० दाखवत होता. कागदावर १७००. जाळी आणि कॅरियर ८५ किलो, पत्रा ३५, पाटे २०, ताडपत्री-दोर-हत्यारे २०. हे १६० किलो आम्ही आमच्या पैशाने गाडीवर चढवले होते, आणि मालाच्या हिशेबातून वजा केले नव्हते.

आता मांडा. ३००० वजा १८६० म्हणजे ११४०. त्यातून माणसांचे १९५ गेले. उरले ९४५ किलो. पासिंग तेराशेचे, माल नऊशे पंचेचाळीसचा.

तिसरी चूक तर हसू यावे अशी आहे. टोमॅटोचे कॅरेट आपण 'वीस किलो' म्हणतो. वीस किलो टोमॅटो असतो. रिकामे कॅरेट दोन किलोच्या आसपास भरते, ते बाजारात कापले जाते म्हणून आपणही विसरतो. गाडीचे पाटे विसरत नाहीत. कॅरेट धरायचे २२ किलोचे. ९४५ भागिले २२ केले की उत्तर येते बेचाळीस.

बेचाळीस कॅरेट. आम्ही भरले होते शंभर. गाडी १८६०, माणसे १९५, माल २२००. एकूण ४२५५ किलो. तीन हजारांच्या गाडीवर सव्वा टन जादा घेऊन आम्ही माळशेज उतरत होतो, आणि वर म्हणत होतो की वीसाने काय होतंय.

आमच्या हौद्यात एका थराला एकवीस कॅरेट बसतात. म्हणजे खरी ताकद दोन थरांची. तिसरा थर लावायला घेतला की गाडी कायद्याच्या आणि ब्रेकच्या बाहेर गेली. आम्ही पाच थर लावायचो, आणि पाचवा थर पुरा बसला नाही तर गाडी मोकळी गेली असे वाटायचे.

हौदा भरला म्हणजे गाडी भरली, असे नाही

हौद्याचा आकार पाहून भरणे ही आपली जुनी सवय आहे. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. पन्नास चौरस फूट धरा. एक फूट उंचीचा माल भरला तर पन्नास घनफूट झाला, म्हणजे अर्धा ब्रास. वाळूचा एक ब्रास चार-साडेचार टनांचा असतो. अर्धा ब्रास वाळू म्हणजे दोन टनांहून जास्त. घराच्या कामाला 'अर्धा ब्रास आणतो' म्हणून गाडी काढता, तेव्हा फाळक्याच्या खालीच दुप्पट भार झालेला असतो, आणि पाहणाऱ्याला हौदा अर्धा रिकामा दिसतो.

गव्हाचा घनफूट बावीस किलोच्या आसपास. पन्नास घनफूट म्हणजे अकराशे किलो. म्हणजे सुटा गहू फूटभरही भरता येत नाही. कांदा थोडा हलका, पण गोणी पन्नास किलोची धरली तर अठरा गोण्यांना गाडी भरली. दुधाचे चाळीस लिटरचे कॅन डब्यासकट पन्नास किलोच्या आसपास जातात. तेही अठराच. दुष्काळात आपण हजार लिटरची टाकी ठेवून पाणी आणतो. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो, टाकीचे वजन वेगळे. आमच्या गाडीला तेवढेही झेपत नाही. आणि टाकी अर्धी असेल तर वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडीलाही तिकडे ओढते.

हिरवी मका चाऱ्याला नेतो. त्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असते. कडब्याच्या पेंढ्या जितक्या चढतात तितक्याच उंचीची हिरवी मका चढवली तर वजन कुठल्या कुठे जाते. पावसात भिजलेले शेणखत, ओली माती, भिजलेली पोती, या सगळ्यांत आपण पाणीच वाहतो आणि त्याचे भाडे आपणच भरतो.

कापसाचे उलटे आहे. सुटा कापूस आभाळाएवढा रचला तरी वजन होत नाही. पण उंची होते. बाजूला फुगलेला, वर चढलेला माल वळणावर गाडी आडवी करतो. म्हणून ज्या मालाचे वजन लवकर होते तिथे काटा बघायचा, आणि ज्याचे होत नाही तिथे उंची बघायची.

बैल बसतो, गाडी बसत नाही

आपल्या बापजाद्यांना बैलगाडी भरता येत होती. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जायचे. पुढे जास्त झाला तर मानेला काचायचे. म्हातारा माणूस जू हाताने तोलून बघायचा आणि दोन पोती पुढे-मागे करायला सांगायचा. आणि भार फारच झाला तर बैल बसायचा. बसलेल्या बैलाशी वाद घालता येत नाही.

पिकअपलाही उलाळ असते. माल मागच्या चाकांच्याही मागे गेला, फाळका उघडा टाकून त्यावर रचला, की पुढची चाके हलकी होतात. सुकाणू हातात हलके लागते. चालक म्हणतो, "आज गाडी कशी लोण्यासारखी वळतेय." ती लोण्यासारखी वळत नाही, तिची पुढची चाके रस्ता सोडायला लागलेली असतात. म्हणून जड माल केबिनला चिकटून, खालच्या थरात. हलका माल वर आणि मागे.

पण पिकअप बैलासारखी बसत नाही. का बसत नाही? कारण आपण जादा पाटा टाकतो. नवी गाडी भाराने मागे दबू लागली की ती सांगत असते, आता पुरे. आपण गॅरेजमध्ये नेऊन तिचे सांगणे बंद करतो. पाटा वाढवल्याने गाडी दबत नाही एवढेच. धुरा तोच, चासी तीच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेक तेच. पाट्याने कोणाचीही ताकद एका किलोने वाढत नाही. उलट पाट्याचे वजन मालातून जाते.

टायरच्या बाजूला आकडे कोरलेले असतात. त्यात एक भाराचा आकडा असतो. तो किलोत नसतो, खुणेचा असतो. १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, १०८ असेल तर १००० किलो, ११२ असेल तर ११२० किलो. तेही हवा पुरी असेल तर. पिकअपच्या मालाचा बहुतेक बोजा मागच्या दोन टायरांवर असतो. घरी गेल्यावर टायरजवळ बसा आणि आकडा वाचा. उन्हाळ्यात भर दुपारी टायर फुटतो तेव्हा आपण कंपनीला शिव्या देतो. आधी त्या टायरवर आपण किती ठेवले होते ते विचारावे.

ओढणे वेगळे, थांबवणे वेगळे

विक्रेता म्हणाला होता, "ओढते." ते खोटे नव्हते. आजचे इंजिन दोन काय, अडीच टनही ओढून नेते. चढावर गाडी रडते, पण चढते. चालकाची खात्री पटते की गाडीत दम आहे. पण गाडीची ताकद चढावर कळत नाही, उतारावर कळते. ओढण्याचे काम इंजिनचे, थांबवण्याचे काम ब्रेकचे, आणि ब्रेक तीन हजार किलो थांबवायला केलेले आहेत.

घाट उतरताना गाडीचे जेवढे वजन, त्या प्रमाणात उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ४२५५ किलोची गाडी उतरली तर तीन हजाराच्या गाडीपेक्षा ४२ टक्के जास्त. त्यात वेग. वेगाचा हिशेब सरळ नसतो, वर्गाचा असतो. पन्नासच्या जागी साठच्या वेगाने आलात तर थांबवायला ४४ टक्के जास्त जोर लागतो. भार आणि वेग दोन्ही असले तर काम दुपटीवर जाते. ड्रम तापतो, लायनर पकड सोडतात, पायडल मऊ लागते. त्या पोराचा पाय ब्रेकवरच होता. ब्रेकमध्ये काही उरले नव्हते.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरने घाट चढाल त्याच गियरने उतरा. हे सोन्यासारखे सांगणे आहे. इंजिनने गाडी धरून ठेवायची, ब्रेक अधूनमधून. आणि जे डिझेल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून घाट उतरतात, त्यांना हात जोडून सांगतो. ब्रेकला मदत करणारी यंत्रणा इंजिन चालू असेपर्यंतच काम करते. दहा रुपयांच्या डिझेलसाठी ती बंद करू नका.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमात भाराची मर्यादा आहे आणि १९४ व्या कलमात दंड. २०१९ च्या दुरुस्तीने हा दंड २०,००० रुपये आणि वरच्या दर टनाला आणखी २,००० रुपये असा झाला. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपल्यावर. माल बाजूला, मागे किंवा वर हद्दीबाहेर गेला असेल तर त्याचा २०,००० रुपयांचा दंड वेगळा. वजन करायला गाडी थांबवली नाही तर ४०,०००. आणि कलमाचे शब्द नीट वाचा. दंड फक्त चालवणाऱ्याला नाही. जो चालवायला लावतो, जो चालवू देतो, त्यालाही आहे. "टाक वर" म्हणणारा काका त्यात येतो.

आता मायबहिणींसाठी एक गोष्ट. खुरपणीला, काढणीला आपण बायाबापड्यांना हौद्यात उभे करून नेतो. दहा बाया म्हणजे पाचशे किलो, आणि हे पाचशे किलो उभे असते, वळणावर एका बाजूला झुकते. माल दोराने बांधता येतो, माणसे बांधता येत नाहीत. विम्याचेही ऐका. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालाबरोबर गाडीत असेल तर तो विम्यात येतो. म्हणजे आपला टोमॅटो घेऊन केबिनमध्ये बसलेला शेतकरी विम्यात आहे. पण मालाच्या गाडीत फुकट बसवलेल्या माणसांचा भार विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. त्या खटल्यात कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. वसूल कशातून होणार? आपल्याकडे जमिनीशिवाय आहे काय?

आमच्या गाडीच्या वेळी विमावाल्यांनी भारावर बोट ठेवले आणि भरपाईत कपात केली. तेव्हा मला राग आला होता. आज वाटते, काट्याची पावती त्यांच्याजवळ होती, माझ्याजवळ नव्हती.

हे चार रुपये कोणी भरले?

मागून एक भाऊ विचारतो आहे, "बेचाळीस कॅरेट नेऊन परवडणार कसं?" याच प्रश्नाची मी वाट बघत होतो.

समजा एका खेपेचा सगळा खर्च सहा हजार रुपये आहे. डिझेल, टोल, चालकाची मजुरी, हप्ता. शंभर कॅरेट नेले तर कॅरेटला साठ रुपये, म्हणजे किलोला तीन. बेचाळीस नेले तर कॅरेटला १४३ रुपये, म्हणजे किलोला सात रुपयांच्या वर. फरक किलोमागे चार रुपयांचा. हलक्या गाडीला डिझेल थोडे कमी लागेल, लायनर आणि टायर जास्त टिकतील, म्हणजे फरक थोडा कमी होईल. पण राहील.

आपण उत्पादन खर्च काढतो तेव्हा वाहतुकीच्या रकान्यात काय लिहितो? तीन रुपये. मी स्वतः शिबिरांत फळ्यावर तीन रुपये लिहिले आहेत. खरा आकडा सात होता. मग मधले चार रुपये गेले कुठे? ते लायनरने भरले, टायरने भरले, चासीने भरले. आणि एक दिवस त्या पोराच्या पायाने सगळी बाकी चुकती झाली.

भावांनो, बियाण्याचा, खताचा, पाण्याचा, मजुरीचा पैसा आपण हिशेबात घ्यायला शिकलो. घरच्या माणसांची मजुरीही लिहायला शिकलो, त्यालाही किती वर्षे लागली. तरी गाडीच्या तब्येतीचा आणि चालकाच्या जिवाचा पैसा आपण अजून लिहीत नाही. उलट तो आपण समोरच्याला फुकट देतो. व्यापारी भाव पाडतो तेव्हा त्याला माहीत असते की हा गडी पाच थर लावून आणेल आणि तरीही म्हणेल, परवडले. खोट्या खर्चावर मागितलेला भाव खोटाच येणार. जादा भरलेली गाडी ही आपल्याच मालाची किंमत खाली ओढते.

मग करायचे काय? एकेकट्याने नाही परवडणार, हे मी मान्य करतो. पण आम्ही गावात आता वेगळे करतो. आम्ही चार घरांचा माल एकत्र करतो आणि मोठी गाडी भाड्याने लावतो, साडेसात टन एकूण भाराची. तिच्यातही हीच वजाबाकी करून १६० कॅरेट भरतो. समजा बारा हजार भाडे पडले, तर कॅरेटला ७५ रुपये. पिकअप पाच थर भरून जे साठ पडत होते त्यापेक्षा पंधरा जास्त, म्हणजे किलोला बारा आणे. हे बारा आणे खरे आहेत. ते हिशेबात लिहिता येतात आणि भावात मागता येतात. पिकअप गावाजवळच्या बाजाराला, दोन थरांनी. घाटाखाली मोठी गाडी. यासाठी एकमेकांच्या मालाची प्रत आणि वेळ जुळवावी लागते, भांडणे होतात, पहिल्या हंगामात दोनदा मोडले. तरी चालले आहे.

पुढच्या बैठकीपर्यंत

उसाचा काटा मारला की आपण कारखान्याच्या दारात बसतो. बाजारात पोत्यामागे अर्धा किलो कापला तर आरडाओरड करतो, आणि करायलाच हवी. दुसऱ्याचा काटा तपासणाऱ्या माणसाने आपली गाडी कधी काट्यावर घातली नाही, हे शोभत नाही. म्हणून तीन कामे देतो.

एक. उद्या किंवा परवा रिकामी गाडी, तुमच्या सगळ्या जाळ्या-पाट्यांसकट, टाकी भरून, नेहमीची माणसे केबिनमध्ये बसवून काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्या आणि वजन लिहा, मग पूर्ण गाडी. पूर्णातून पुढचे वजा केले की मागच्या चाकांवरचे कळेल. एकदा भरलेली गाडीही अशीच मोजा. प्रत्येक धुऱ्याची मर्यादा आरसीत किंवा कंपनीच्या पुस्तकात असते, ती ताडून बघा.

दोन. आरसीवरच्या भरलेल्या वजनातून काट्यावरचे हे वजन वजा करा. जे उरेल तो तुमच्या गाडीचा खरा आकडा. तो केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा, चालकाला रोज दिसेल असा.

तीन. तो आकडा तुमच्या मालाच्या भाषेत लिहा. इतके कॅरेट, इतक्या गोण्या, इतके कॅन. किलो लक्षात राहत नाहीत, थर लक्षात राहतो. हौद्याच्या जाळीवर त्या उंचीला तांबडी रेघ मारा.

तो पोरगा आता पस्तिशीच्या घरात आहे. कृत्रिम पाय आहे, गाडी चालवत नाही. आमच्या गटाच्या मालाची नोंद तोच ठेवतो. बांधावर बसून कॅरेट मोजतो. पिकअपमध्ये बेचाळीस झाले की वही मिटतो आणि दोर टाकायला सांगतो. भाव कितीही चढलेला असो, बांधावर कितीही माल शिल्लक असो, त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. मीही घालत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गाडीवाल्याने काट्याची पावती खिशात आणायची. मी पहिला प्रश्न आजचाच विचारणार आहे. त्या वेळी जेवढे हात वर होतील, तेवढ्याच गाड्यांचा वाहतूक खर्च आपण उत्पादन खर्चाच्या तक्त्यात खरा म्हणून लिहू.